हिरड्यांची वही

८ जानेवारी

ही वही दवाखान्याची आहे. खामगावला डॉक्टर महनूर यांच्या दातांच्या दवाखान्यात धम्मशीलाताई काम करतात, त्यांनी दिली. म्हणाल्या, "मावशी, रोज दात घासल्यावर थुंकीत रक्त दिसलं का, तेवढं लिहायचं. तारीख टाका अन् हो का नाही. बस."

गेल्या वर्षी माझ्या हिरड्यांवर उपचार झाले. तीस वर्षं मी तंबाखूची मिश्री लावत होते. दोन दात काढले, बाकीच्यांचं हिरडीखालचं किटण मुळापर्यंत खरवडलं. आता दर तीन महिन्यांनी दाखवायला जायचं. मी म्हटलं, आता दुखत नाही, मग कशाला? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा आजार बरा झाला म्हणायचं नाही, मावशी. दबला म्हणायचं. लक्ष काढलं की पुन्हा उठतो, आणि उठताना दुखत नाही."

हो-नाही लिहायला एवढी जाड वही कशाला? उरलेल्या जागेत मी माझं लिहीन. मी शाळेत गेले नाही. अक्षरं बियाण्याच्या पिशव्यांवरून शिकले, मग विहारातल्या कपाटातली पुस्तकं एकेक करून घरी आणली. वाचलं पुष्कळ. लिहिलं कधीच नाही.

रक्त: आलं.

११ जानेवारी

रक्त: आलं.

यांना जाऊन मे महिन्यात दोन वर्षं होतील. यांचं नाव दयाराम. तोंडाने कधी घेतलं नाही, इथे लिहिते.

आमच्या आणि चुलत भासऱ्याच्या, म्हणजे यांच्या थोरल्या चुलतभावाच्या, वावरांमधल्या धुऱ्यावर, सामाईक बांधावर, एक बाभूळ आहे. तो किसन ती तोडायला आला. हे आडवे गेले. किसनने कुऱ्हाड घातली. मान आणि खांदा जुळतो तिथे. मी विहिरीजवळ होते, भाकरीचं गाठोडं हातात होतं. धावत आले तेव्हा यांचा एक पाय हलत होता आणि चप्पल निघून पडली होती. मी ती परत पायात घातली. का घातली ते मला अजून सांगता येत नाही. रक्त इतकं होतं की ढेकळं विरघळत होती.

पोलिसांना हेच सांगितलं. कोर्टातही हेच सांगायचं आहे. पाहणारी मी एकटीच.

यांना चिरफाडीसाठी नेलं तेव्हा मी विहिरीवर जाऊन फावडं धुतलं, गुरांच्या कोठ्यात ठेवलं आणि मग रडले.

२३ जानेवारी

रक्त: आलं.

माझ्या प्रसेनजितने आज एसटी स्टँडवर तानाबाईच्या भावाला मारलं. तानाबाई किसनची बायको, माझी चुलत जाऊ. तो भाऊ नुसता हसला म्हणे. पोराने त्याचं डोकं रसवंतीच्या लोखंडी चरकावर आपटलं, भुवई फुटली. घरी आला तर शर्ट लाल.

"कोणाचं रे हे?"

"माहं नाही, माय."

शर्ट मी थंड पाण्यात भिजवला. रक्ताला गरम पाणी लावलं की ते पक्कं बसतं. पोराला रागावले नाही. जेवायला वाढलं. वाढून झाल्यावर पाहिलं तर त्याच्या भाकरीवर रोजच्या दुप्पट तूप होतं.

३० जानेवारी

रक्त: आलं. नवीन ब्रशचे केस पंधरा दिवसांत आडवे झाले. माल हलका असेल.

२ मार्च

रक्त: नाही. दोन दिवस झाले, नाही.

८ एप्रिल

रक्त: आलं.

आज तपासणीला गेले. दारात धम्मशीलाताई हसून म्हणाल्या, "तायडे ना, वरवट बकालच्या? तुमच्या घरचे काका आतच आहेत. दोघांची फाइल मी एकत्र लावली. एकाच दिवशी बोलावत जाईन, सोबत येणं-जाणं होते."

घरचे काका कोण ते माझ्या लक्षात यायच्या आत प्लायवूडच्या पडद्याआडून आवाज आला. तो आवाज मी मसणातही ओळखीन. किसन जामिनावर सुटला आहे. गावात पाय ठेवायचा नाही, साक्षीदाराशी बोलायचं नाही, अशी अट आहे. म्हणून खामगावातच कापसाच्या एका जिनिंगवर राखणदार म्हणून राहतो. तेवढं मला माहीत होतं. तो याच खुर्चीवर बसतो हे नव्हतं माहीत.

डॉक्टरीणबाई आकडे बोलत होत्या. त्या एका बारीक काट्याने प्रत्येक दाताभोवती हिरडी किती सुटली ते मापतात. तीनपर्यंत चालतं. किसनचे आकडे पाच, सहा, पाच असे होते. मग त्या म्हणाल्या, "किसनराव, हिरडीचा आजार होताच, पण हे पुढचे दोन त्याने नाही गेले. बैलगाडीवरून पडूनही असे तुटत नाहीत. आडवं काहीतरी जोरात लागलं आहे. खरं सांगाल तर बाजूच्या दातांचं मला ठरवता येईल."

"पडलो म्हणलं ना, बाई. धुऱ्यावर पडलो. पडलो असंच लिहा."

"वकिलालाही हेच सांगता?"

"सगळ्याईले हेच सांगतो."

मी बाकावर बसले होते. जीभ दातांवरून फिरत होती, थांबेना.

तो बाहेर आला. मला पाहिलं आणि लगेच तोंड भिंतीकडे केलं. आमच्यात भासरा भावजयीशी बोलत नाही, तिच्याकडे सरळ पाहतही नाही. माझा हात आपोआप वर गेला आणि मी डोक्यावर पदर ओढला. ज्याने माझा नवरा तोडला त्याच्यासमोर पदर! घरी येईपर्यंत त्या हाताची मला शिसारी येत होती.

माझेही मागच्या दातांचे आकडे पाच आले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मावशी, झोपेत दात खाता का? सगळे झिजलेत. ब्रश कसा धरता, दाखवा बरं." दाखवला. "मुठीत नाही, मावशी. पेनासारखा धरा. तुम्ही कोणाला मारून नाही राहिल्या."

जेवताना प्रसेनजितला सांगितलं की तोही तिथेच येतो, पुढची तारीख आठ जुलै, दोघांची एकच. सांगायचं असं ठरवलं नव्हतं. बोलता बोलता निघून गेलं.

२१ मे

रक्त: पुष्कळ.

दोन वर्षं झाली. सकाळी विहारात वंदना केली. मग एकटी वावरात गेले. बाभूळ तशीच उभी आहे. आमची कुऱ्हाड घेतली आणि बुंध्यावर घाव घालत सुटले. तळहातांना फोड आले, फुटले, दांडा बुळबुळीत झाला, तरी थांबले नाही. साल उडून गालाला लागली. प्रत्येक घावाला तोंडातून आवाज निघत होता, तो माझा आहे हे मला उशिरा कळलं. झाड काही पडलं नाही. बुंध्यातून लालसर डिंक यायला लागला तेव्हा मी कुऱ्हाड टाकली.

बांधावर बसले. दात तुटतो तेव्हा मडकं फुटल्यासारखा आवाज होत नाही. ओला आवाज होतो. ओली फांदी मोडावी तसा.

हे मी का लिहिलं?

१७ जून

रक्त: आलं.

सरकारी वकिलांनी बोलावलं होतं. चांगले आहेत, शांत बोलतात. म्हणाले, "बनाबाई, अटकेच्या वेळी आरोपीचे दोन दात तुटलेले होते. कागदावर आहे. समोरचा वकील तुम्हाला त्याबद्दल नक्की विचारेल. माहीत असेल ते सांगा. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा."

मी म्हटलं, "मी विहिरीजवळ होते."

"तुमचा जबाब तसाच आहे," ते म्हणाले आणि चष्म्यातून जरा वेळ माझ्याकडे पाहत राहिले. त्यांना वाटलं असेल, बाई घाबरली.

८ जुलै

सकाळी पाहायचं राहिलं.

प्रसेनजित चार दिवसांपासून म्हणत होता, "यावेळी एसटीनं नको जाऊ. मी नेतो गाडीनं." तो मालवाहू गाडी चालवतो. भाडं सोडून तो मला दवाखान्यात नेणार म्हणून मला बरं वाटलं. गाडीत माझ्या पायाशी चाक खोलायची लोखंडी टॉमी होती. ती नेहमी मागे असते. मी पाहिली आणि पाय जरा बाजूला घेतले.

किसन बाकावर बसला होता. प्रसेनजितने दार ढकललं आणि एक शब्द न बोलता टॉमी त्याच्या खांद्यावर घातली. तो बाकावरून खाली आला. मग पोराने त्याचे केस धरून तोंड फरशीवर आपटलं. एकदा, दोनदा. "बोल बे! माह्या बापाले कसं तोडलं, बोल!" किसनने हात वर केला नाही. दोन्ही हात छातीशी धरून होता, थंडी वाजल्यासारखे. तिसऱ्या वेळी त्याच्या तोंडातून एक तार बाहेर आली. हलणारे दात डॉक्टरीणबाईंनी बारीक तारेने एकमेकांना बांधून ठेवले होते, ती तार. तिला एक दात लटकत होता.

एक म्हातारी किंचाळत बाहेर पळाली. धम्मशीलाताई फोनकडे धावल्या. मी दारात उभी. मी ओरडले नाही. सोड म्हटलं नाही. मला पुढे काय होतं ते पाहायचं होतं, हे खरं आहे आणि मी ते लिहिते.

पोराने टॉमी पुन्हा उचलली, या वेळी डोक्यावर. तेवढ्यात डॉक्टरीणबाई हातमोज्यांनिशी मध्ये येऊन उभ्या राहिल्या. एवढीशी बाई. "आधी मला मार," म्हणाल्या. "हा माझा पेशंट आहे."

टॉमी वरच राहिली. मग प्रसेनजितने ती खाली टाकली.

असं मध्ये येणारं माणूस मी याआधी एकदाच पाहिलं होतं. मी तिथेच खाली बसले.

किसनला उठवलं, रक्त पुसलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पोलिसांना फोन करते."

"नको," किसन म्हणाला. ओठ सुजून लोंबत होता, शब्द नीट निघत नव्हते. "पडलो मी."

"किसनराव! कितीदा पडता तुम्ही?"

"पोट्टं हाय ते. बाप गेला त्याचा." मग भिंतीकडे पाहत म्हणाला, "पडलो असंच लिहा, बाई."

९ जुलै

रक्त: आलं.

मी विहिरीजवळ नव्हते. मी बाभळीखाली होते आणि माझ्या हातात फावडं होतं.

भासरे बाभळीला दोन घाव घालून थांबले होते. हे आणि ते नुसते बोलत होते. आवाज चढले होते, पण भाऊ-भाऊ बोलतात तसेच. भासरे म्हणाले, "तुह्या बायकोनंच पेटवलं हे. बायकोच्या बुद्धीनं चालतं तू." मी पदर घेऊन मागे उभी होते. मला वाटलं, सगळं आयुष्य मी अशीच मागे उभी राहिले. मी पुढे झाले आणि फावडं आडवं फिरवलं. तोंडावर बसलं. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. भासऱ्यांच्या हनुवटीवरून रक्त आणि दाताचा तुकडा एकत्र ओघळला.

त्यांनी कुऱ्हाड उचलली ती माझ्याकडे. डोळ्यांत त्यांच्या काही नव्हतं. मी हललेही नाही. हे मध्ये आले.

भासऱ्यांनी हे कोणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांची शिक्षा कमी झाली असती, एवढं वाचून मलाही कळतं. भावजयीने तोंड फोडलं हे भर कोर्टात पुरुषाने कसं सांगावं, ही त्यांची लाज असेल. किंवा माझी लाज राखायची असेल. पोटात शिरून कोण पाहतं. पण त्यांच्या गप्प राहण्यावर मी दोन वर्षं जगले आणि रोज सकाळी मुठीत ब्रश धरून हिरड्या सोलत राहिले.

२४ जुलै

आज साक्ष झाली.

त्यांचा वकील तरुण आहे. त्यानेच विचारलं, "आरोपीच्या तोंडाला जखम कशी झाली, माहीत आहे का?" त्याला वाटलं असेल, नाही म्हणेल.

मी म्हटलं, "मी मारलं. फावड्यानं. पहिला घाव माझा होता."

कोर्टात कोणाचा तरी पेन खाली पडला. जजसाहेबांनी विचारलं, "बाई, समजून बोलताय ना? याचा परिणाम तुमच्यावर होऊ शकतो."

"समजून बोलते. कुऱ्हाड माझ्यावर होती. हे मध्ये आले."

तेव्हा पिंजऱ्यातून भासरे बोलले. लग्न होऊन आले तेव्हापासून बत्तीस वर्षांत ते माझ्या समोर माझ्याबद्दल बोलले ते हे दुसऱ्यांदा. पहिल्यांदा बाभळीखाली. "खोटं बोलून राह्यली ते, साहेब! बाई माणूस, तिले काय समजते? मी पडलो होतो. लिहा, पडलो."

साहेबांनी त्यांना गप्प केलं. ते तरी पुटपुटत राहिले, "पडलो... पडलो..." पुढचे तीन दात नाहीत, त्यामुळे शब्द फुटके येत होते. मी पदर घेतला नव्हता. सरळ त्यांच्याकडे पाहिलं. ते रडत होते.

मागे वळून पाहिलं तर प्रसेनजित जागेवर नव्हता.

२५ जुलै

रक्त: पाहिलं नाही.

पोराने घरातला आरसा फोडला. धान्याची कोठी लाथेने आडवी केली, तूर घरभर झाली. बापाचा फोटो काढून छातीशी घेतला आणि माझ्यावर हात उगारला.

"दोन वर्षं! दोन वर्षं मी लोकाईचे डोके फोडत फिरलो, माय! कोणासाठी? सांग ना आता! तिथं खामगावात तू पाहत होती नुसती!"

"मार," मी म्हटलं. "मी मध्ये कोणाला येऊ देणार नाही."

हात खाली आला. तो फोटो घेऊन गाडीत बसला आणि गेला. तूर मी दुपारभर गोळा केली. काचेसकट.

८ ऑक्टोबर

रक्त: नाही. सलग बावीस दिवस, नाही.

तपासणीला एकटी गेले. मागच्या दातांचा पाचाचा आकडा तीनवर आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शाबास, मावशी. झोपेत दात खाणं थांबलेलं दिसतं."

पोलीस घरी येऊन माझा दुसरा जबाब घेऊन गेले आहेत. माझं काय होईल ते व्हायचंय. भासऱ्यांचा निकाल गेल्या आठवड्यात लागला. खून नाही, सदोष मनुष्यवध. सात वर्षं. निकालानंतर तिथूनच आत नेलं.

धम्मशीलाताई फाइल हातात घेऊन उभ्या होत्या. त्यांना आता सगळं कळलं आहे. "मावशी, मला माफ करा, मी आपलं आडनाव पाहून... वेगळी करू का ही?"

फाइलमध्ये माझा कागद आणि भासऱ्यांचा कागद पाठीला पाठ लावून होते. त्यांच्या कागदावर आजच्या तारखेपुढे जागा कोरी होती.

"त्यांच्या राहिलेल्या दातांचं काय होईल?" मी विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी हातमोजे काढले. "रोज फटींमधून साफ झालं तर राहतील. नाही झालं तर वर्षभरात हातात येतील. आत कोण बघणार त्यांच्याकडे?"

"फटींतले ते बारीक ब्रश असतात ना, ते द्या मला. आणि कसे फिरवायचे ते कागदावर लिहून द्या. मोठ्या अक्षरात. फाइल राहू द्या तशीच."

२ नोव्हेंबर

तानाबाईच्या घरी गेले. अडीच वर्षांत तिच्या अंगणात पाय ठेवला नव्हता. ती ज्वारी पाखडत होती. मला पाहून उठली, सूप तसंच खाली पडलं.

"कायले आली वो?"

"तू भेटीला जाशील तेव्हा हे त्यांना दे. हिरड्यांसाठी आहे. रोज करायला सांग."

तिने ती छोटी पिशवी पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं आणि सगळा जोर लावून थोबाडीत मारली. मी भिंतीवर आदळले. तिने पुन्हा मारली, त्याच गालावर.

"दोन वर्षं काऊन गप्प होती? काऊन? माह्या माणसाचं तोंड तू फोडलं, अन् तो दरवेळी सांगे, पडलो. मलेही सांगे, पडलो! मी खामगावले जाऊन त्याले दूधभाकर कुस्करून चारत होती, तुह्यापायी!"

तिसरा हात उगारला आणि तसाच वर राहिला. ती खाली बसून आरडून रडू लागली. मी उभी राहिले. हात लावायची हिंमत झाली नाही. शेजारच्या बाया दारात जमल्या.

पुष्कळ वेळाने तिने नाक पुसलं, पिशवी ओढून घेतली आणि आतला कागद काढला. तिला वाचता येत नाही. कागद माझ्यापुढे धरला, तोंड दुसरीकडे करून.

"वाच," म्हणाली. "हळू वाच. मले पाठ करा लागते."

मी वाचलं. तीनदा वाचलं. तोंडात खारट चव येत होती, मध्ये मध्ये गिळत होते.

घरी येऊन चूळ भरली. गालाची आतली बाजू दातावर फाटली आहे.

रक्त: आलं. हिरड्यांचं नाही.